सुरतेला अडलेली हजयात्रा

बाबराची लेक, अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाल्या, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. सोबत बहुतेक महिलाच. पण सुरतेपुढच्या समुद्रावर सत्ता पोर्तुगिजांची. त्यांच्या परवान्याविना जहाज हाकारणे धोक्याचे. परवान्यावर येशू आणि मरियम यांची चित्रे असत, म्हणून काही उलेमांचा त्याला आक्षेप होता. बेगमांना मात्र जायचेच होते. वाट पाहण्यात रमजान सरला, त्या वर्षीची हजयात्राही हुकली. बादशहाच्या आत्याची ही गत! अखेर बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, पोर्तुगिजांना दिले, तेव्हा वाट मोकळी झाली. 1576 च्या ऑक्टोबरात ‘सलीमी’ जहाजाने किनारा सोडला. बेगम घरी परतल्या 1582 मध्ये.