इब्न अल्-हैसम आणि मुलांचा पहिला चष्मा

लहान मुलाच्या नाकावर चष्मा दिसला तर आज कोणाला नवल वाटत नाही. ‘चष्मा’ हा शब्दही आपल्या मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा. परंतु डोळ्याला वस्तू दिसते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी ज्यांनी प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिला, त्या थोर मुस्लिम शास्त्रज्ञाचे नाव आपल्याच मुलांना ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांचे नाव अबू अली अल्-हसन इब्न अल्-हैसम. युरोपात ते ‘अल्हाझेन’ या नावाने प्रसिद्ध झाले.

इब्न अल्-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास, आजच्या इराकमधील बसरा शहरी झाला. गणित, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र अशा अनेक विषयांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रसंगाची हकीकत जुन्या अरबी चरित्रकारांनी दिली आहे. नाईल नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल, पूर आणि अवर्षण या दोहोंवर उपाय काढता येईल, असे मत त्यांनी व्यक्त केले होते. ते इजिप्तचा फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या कानी गेले. त्याने त्यांना सन्मानाने कैरोस बोलावले आणि सोबत माणसे देऊन नदीच्या पाहणीसाठी दक्षिणेस पाठविले.

अस्वानजवळच्या धबधब्यांपर्यंत ते पोहोचले. वाटेत प्राचीन इजिप्शियन लोकांनी उभारलेली भव्य बांधकामे त्यांनी पाहिली. एवढे कुशल लोक येथे होऊन गेले, हे काम शक्य असते तर त्यांनी ते केलेच असते, हा विचार त्यांच्या मनात आला. परत येऊन त्यांनी योजना अशक्य असल्याचे खलिफाला सरळ सांगितले. अल्-हाकिम लहरी होता. त्याच्या रोषातून सुटण्यासाठी इब्न अल्-हैसम यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले व कित्येक वर्षे ते घरातच नजरकैदेत राहिले, असे हे चरित्रकार सांगतात. इ. स. १०२१ मध्ये अल्-हाकिमची कारकीर्द संपली आणि ते पुन्हा लोकांत वावरू लागले. पुढील आयुष्य त्यांनी अल्-अजहर मशिदीजवळ, युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून, त्या विकून, साधेपणाने काढले. इ. स. १०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची कीर्ती अजरामर करणारा ग्रंथ म्हणजे सात खंडांचा ‘किताब अल्-मनाजिर’, अर्थात दृष्टिशास्त्राचा ग्रंथ. त्यांच्या आधी युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारख्या पंडितांचे मत असे होते की, डोळ्यातून किरण बाहेर पडतात व वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून ती दिसते. इब्न अल्-हैसम यांनी हे मत खोडून काढले. प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. तेजस्वी वस्तूकडे टक लावून मग डोळे मिटले तरी तिची आकृती काही वेळ दिसत राहते. याचा अर्थ प्रकाश बाहेरून येऊन डोळ्यावर परिणाम करतो. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना सरळ रेषेत पसरतो व त्यातील काही डोळ्यात शिरतो, म्हणून वस्तू दिसते. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून त्यांनी भिंतीवरील प्रकाशाचे ठिपके पाहिले. एक दिवा झाकला की त्याचाच तेवढा ठिपका नाहीसा होई. थोरामोठ्यांनी लिहिले आहे म्हणून मान्य करावयाचे नाही, तपासून पाहावयाचे, ही त्यांची शिस्त होती. खुद्द टॉलेमीच्या मतांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला.

चष्म्याचा शोध इब्न अल्-हैसम यांनी लावला, असे कधी कधी छापले जाते. ते खरे नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्या खोट्या दागिन्याची गरजही नाही. इ. स. १२०० च्या सुमारास त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. रॉजर बेकन, विटेलो यांसारख्या युरोपीय विद्वानांनी त्याचा अभ्यास केला. चष्मा इटलीत इ. स. १२८६ च्या सुमारास तयार झाला. तो बहिर्गोल भिंगांचा, म्हणजे जवळचे न दिसणाऱ्या वृद्धांसाठी होता. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल भिंगे पंधराव्या शतकात आली. पुढे १५७२ मध्ये बाझेल येथे इब्न अल्-हैसम यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये छापला गेला, आणि १६०४ मध्ये केप्लरने, वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटते, हे सिद्ध करून चष्म्याने का दिसते याचे उत्तर दिले. प्रतिमेची जाणीव डोळ्यातील भिंगालाच होते असे इब्न अल्-हैसम मानीत, ती चूक केप्लरने दुरुस्त केली. ज्ञानाची इमारत अशीच पिढ्यान् पिढ्या चढत जाते.

आता आपल्या शाळेकडे वळू या. ज्या मुलाचा डोळा प्रमाणापेक्षा लांबट वाढतो, त्याच्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. त्याला फळा धूसर दिसतो, पण हातातले पुस्तक स्वच्छ दिसते. म्हणूनच असे मूल मक्तबमध्ये हुशार ठरते आणि शाळेत ‘ढ’! मक्तबमध्ये सिपारा त्याच्या डोळ्यांजवळ असतो. शाळेत गणित फळ्यावर असते. मूल मात्र तक्रार करीत नाही, कारण सर्वांनाच असे दिसते, असे त्याला वाटते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट श्रीमंत घरातले. पण बालपणाची तेरा वर्षे त्यांनी अशीच काढली. सोबती दूरच्या फलकावरील मोठमोठी अक्षरे वाचीत आणि आपल्याला ती दिसतही नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी वडिलांना सांगितले. मग पहिला चष्मा आला आणि जग किती सुंदर आहे हे त्यांना प्रथमच समजले.

आमच्याकडे चष्म्याचा विषय निघाला की पालक दोन गोष्टी बोलतात. पहिली ही की, चष्मा लावला की नंबर वाढतो. हा गैरसमज आहे. वाढत्या वयात डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही, अभ्यास मात्र थांबतो. शिवाय एका डोळ्याचा नंबर जास्त असून लहानपणी चष्मा मिळाला नाही, तर तो डोळा आळशी होतो आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर त्याला सुधारणे कठीण जाते. दुसरी गोष्ट मुलींची. मुलीला चष्मा लागला तर उद्या स्थळ कसे येईल, या भीतीने कित्येक घरी डॉक्टरांची चिठ्ठी कपाटातच राहते. मुलगी फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, मागे पडते, आणि एक दिवस तिचे नाव पटावरून कमी होते. चष्म्याने स्थळ अडते की नाही हे नंतर कळेल. शिक्षण अडते हे आजच दिसते आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे यांची तरतूद आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही मुलांची दृष्टी तपासली जाते. मूल फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करीत असेल, पुस्तक नाकाशी धरीत असेल, वारंवार डोके दुखते म्हणत असेल, तर पालकांनी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. चष्मा लावून वर्गात आलेल्या मुलाला कोणी ‘ढापण्या’ म्हणून चिडविले, तर शिक्षकांनी त्याला तेथेच थांबवावे. मुलांना रोज काही वेळ उघड्यावर उजेडात खेळू द्यावे. त्याने लघुदृष्टी येण्याचा धोका कमी होतो.

इब्न अल्-हैसम यांच्या सन्मानार्थ चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिले आहे, आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात साऱ्या जगाने त्यांचे स्मरण केले. आपण त्यांचे स्मरण कसे करावयाचे? ऐकीव गोष्टीवर न विसंबता तपासून पाहणे, ही त्यांची शिकवण. आपल्या घरातील मुलांचे डोळे तपासून घेण्यापासून तिची सुरुवात करू या.