रासबिहारी बोस : वतन हिंदुस्थान, नागरिकत्व जपानचं

२१ जानेवारी हा क्रांतिकारक रासबिहारी बोस यांचा स्मृतिदिन. १९४५ साली याच दिवशी टोकियोत त्यांचं निधन झालं. शाळेच्या पुस्तकात आझाद हिंद सेनेच्या धड्यात त्यांचं नाव एक-दोन ओळींत येतं आणि लगेच सुभाषबाबू सुरू होतात. मुलं नाव पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. पण हा माणूस आयुष्याची शेवटची साडेएकवीस वर्षं कायद्याने जपानचा नागरिक होता, हे वर्गात सांगितलं की मुलं सरसावून बसतात. देशासाठी घरदार सोडणाऱ्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंच कसं, हा त्यांचा पहिला सवाल असतो.

सवाल रास्त आहे. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात वीस-वीस, तीस-तीस वर्षं काढून येतात. व्हिसा, इकामा, मुदत हे शब्द घरातल्या लहान मुलांनाही माहीत असतात. त्यामुळे एका कागदावर माणसाचं आयुष्य कसं लटकलेलं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डेहराडूनचा हेडक्लार्क

रासबिहारींचा जन्म २५ मे १८८६ चा, बंगालमधला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत ते हेडक्लार्क होते. दिवसा सरकारी नोकरी आणि आतून क्रांतीचं काम. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात हत्तीवरून मिरवणुकीने जाणाऱ्या व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला. हार्डिंग जखमी झाला, त्याच्यामागे बसलेला सेवक ठार झाला. या कटाचे सूत्रधार रासबिहारी होते. ते गुपचूप डेहराडूनला परतले आणि कामावर हजर झाले. बराच काळ कुणाला संशयही आला नाही.

पुढे फेब्रुवारी १९१५ मध्ये गदर पक्षाच्या मदतीने लाहोरपासून पूर्वेकडच्या छावण्यांपर्यंत सैनिकांचा उठाव करायचं ठरलं. यात त्यांचा एक जवळचा साथीदार आपल्या पुणे जिल्ह्यातला होता, तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. उठावाची बातमी फितुरीने फुटली. पिंगळे मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. रासबिहारी हाती लागले नाहीत. त्यांच्या डोक्यावर मोठं इनाम लागलं.

१२ मे १९१५ रोजी कोलकात्याहून ते एका जपानी जहाजात चढले. कागदपत्रांवर नाव होतं पी. एन. टागोर. रवींद्रनाथांचे नातेवाईक असल्याची बतावणी होती. जूनच्या सुरुवातीला ते कोबे बंदरात उतरले आणि तिथून टोकियोला गेले.

बेकरीच्या मागची खोली

टोकियोत हिंदी माणसांवर इंग्रजांची नजर आधीपासूनच होती. १९०९ पासून भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह तिथल्या परकीय भाषांच्या सरकारी विद्यालयात हिंदुस्थानी, म्हणजे आपली उर्दू शिकवत होते. इंग्रजांविरुद्ध लिहितात म्हणून ब्रिटिशांनी जपान सरकारवर दबाव आणला आणि १९१४ मध्ये मौलवींची नोकरी गेली. जपान आणि इंग्लंडचा १९०२ पासून दोस्तीचा करार होता, त्यामुळे लंडनचा शब्द टोकियोत चालायचा.

वर्षभरातच रासबिहारींची पाळी आली. पी. एन. टागोर म्हणजे कोण, हे ब्रिटिश दूतावासाने हुडकून काढलं. नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस त्यांना आणि त्यांचे साथी हेरंबलाल गुप्ता यांना २ डिसेंबरपर्यंत देश सोडण्याचा हुकूम मिळाला. त्या मुदतीत मिळणारी जहाजं शांघाय-हाँगकाँगच्या वाटेने जाणारी. तिथे इंग्रज पोलीस वाटच बघत असणार आणि पुढे फास.

अशा वेळी तोयामा मित्सुरू नावाच्या बड्या राष्ट्रवादी पुढाऱ्याने त्यांना आश्रय द्यायचं ठरवलं. १ डिसेंबरच्या संध्याकाळी दोघे तोयामांच्या घरी निरोप घ्यायला म्हणून गेले. पोलीस पुढच्या दाराशी थांबले आणि हे दोघे मागच्या बाजूने निघून मोटारीत बसले. मोटार शिंजुकू भागातल्या नाकामुराया नावाच्या बेकरीत पोहोचली. मालक सोमा आयझो आणि त्यांची बायको कोक्को. या कुटुंबाचा राजकारणाशी संबंध नव्हता. पाव आणि मिठाई विकणारी ही माणसं. पाहुण्याला फासावर पाठवणं बरोबर नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

योगायोग बघा, त्याच १ डिसेंबर १९१५ रोजी काबूलमध्ये हिंदुस्थानचं हंगामी सरकार स्थापन झालं. राजा महेंद्र प्रताप त्याचे अध्यक्ष झाले आणि टोकियोतून काढले गेलेले तेच मौलवी बरकतुल्लाह पंतप्रधान.

दुकानाच्या मागच्या खोलीत रासबिहारींनी काही महिने काढले. गुप्ता मध्येच निघून गेले. रासबिहारी तिथेच राहून जपानी शिकले. इकडे एका ब्रिटिश युद्धनौकेने जपानी जहाज अडवून त्यातले हिंदी प्रवासी उचलून नेले, तेव्हा जपानी लोकमत भडकलं आणि १९१६ मध्ये हद्दपारीचा हुकूम मागे पडला. ब्रिटिश दूतावासाचे हेर मात्र मागे लागलेलेच होते. रासबिहारी पुन्हा पुन्हा घरं बदलत राहिले.

तोशिको आणि नागरिकत्व

अशा माणसाला एकट्याने लपून राहणं कठीण, म्हणून तोयामांनी सोमा कुटुंबाच्या थोरल्या मुलीचं, तोशिकोचं स्थळ सुचवलं. ज्याच्या मागावर हेर आहेत त्याला मुलगी द्यायची, हे आईबापांनाही जड गेलं. तोशिकोने बराच विचार केला आणि होकार दिला. जुलै १९१८ मध्ये कुठलाही गाजावाजा न करता लग्न झालं. १९२० मध्ये मुलगा मासाहिदे आणि १९२२ मध्ये मुलगी झाली. पहिली काही वर्षं हा संसारही लपूनछपूनच चालला.

२ जुलै १९२३ रोजी रासबिहारी जपानी नागरिक झाले. तेव्हा लागू असलेला जपानचा नागरिकत्वाचा कायदा १८९९ चा. सलग पाच वर्षं जपानात वास्तव्य, वीस वर्षं पूर्ण, वर्तणूक चांगली, स्वतःच्या कमाईवर जगण्याची ऐपत आणि जुनं नागरिकत्व सुटलं पाहिजे, अशा त्याच्या मुख्य अटी. नागरिक झालेल्या परकीयाला मंत्रिपदासारखी काही मोठी पदं मात्र बंद होती.

यातली जुनं नागरिकत्व सोडण्याची अट माणसाला सर्वांत जास्त टोचते. मुलांच्या सवालाचं उत्तरही इथेच आहे. १९२३ मध्ये भारतीय नागरिकत्व नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. कागदावर रासबिहारी होते इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन. त्यांनी सोडलं ते हे प्रजाजन असणं. ज्या राजवटीविरुद्ध लढले तिच्या यादीतून नाव कमी झालं आणि परत पाठवण्याची टांगती तलवार दूर झाली. नाव त्यांनी बदललं नाही. बोस हेच आडनाव जपानी लिपीत लिहिलं जाऊ लागलं.

दोनच महिन्यांनी, १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोच्या परिसरात महाभूकंप झाला. आगी लागल्या, लाखभर माणसं गेली. त्यात अफवा पसरली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. जमावांनी कोरियन माणसांना शोधून मारलं, हजारोंच्या संख्येने. जपानी उच्चार जमतो का, हे रस्त्यात अडवून तपासलं जायचं. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, म्हणजे कागदावर हे लोकही जपानच्या सम्राटाचे प्रजाजनच. तो कागद त्यांच्या कामी आला नाही. रासबिहारींची कथा सांगताना ही गोष्ट गाळली तर ती अर्धवट राहील.

मार्च १९२५ मध्ये तोशिको आजारपणात गेली. अनेक वर्षं अंधाऱ्या, बंद घरांत राहून तिची तब्येत खालावली होती. रासबिहारींनी दुसरं लग्न केलं नाही.

शिंजुकूतलं सालन

१९२७ मध्ये सासऱ्यांनी बेकरीत उपाहारगृह काढलं. जपानात तोवर करी पोहोचली होती ती इंग्रजांकडून, पीठ लावून घट्ट केलेली. रासबिहारींनी तिथे हिंदुस्थानी पद्धतीने, अख्ख्या मसाल्यांत हाडासकट कोंबडीचं सालन करायला शिकवलं. बाहेर करी-भात दहा-बारा सेनला मिळायचा, याची किंमत ८० सेन. तरी लोक खायला येत. नाकामुरायात ही करी आजही मिळते.

नागरिकत्वाची किंमतही त्यांना मोजावी लागली. चीन आणि कोरियात जपान जे करत होता ते इंग्रजांच्या जुलमापेक्षा वेगळं नव्हतं. सुरुवातीला त्यावर टीका करणारे रासबिहारी पुढे जपानच्या धोरणाची बाजू घेऊ लागले. आसरा देणाऱ्याच्या चुकीवर बोलणं अवघड असतं, हे खरं. पण चूक ती चूकच.

दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपानच्या कैदेत आले. मार्चमध्ये टोकियोत आणि जूनमध्ये बँकॉकमध्ये रासबिहारींच्या अध्यक्षतेखाली परिषदा झाल्या, इंडियन इंडिपेंडन्स लीगची सूत्रं त्यांच्याकडे आली. पण कॅप्टन मोहन सिंग आणि इतर अनेकांना ते परके वाटले. नागरिकत्व जपानी, बायको जपानी होती, मुलगा जपानी फौजेत. हा माणूस आपला की त्यांचा, असा संशय घेतला गेला. डिसेंबर १९४२ मध्ये फूट पडली आणि मोहन सिंग अटकेत गेले. सत्तावीस वर्षं वतनासाठी परदेशात काढलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं.

४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरच्या भर सभेत त्यांनी लीगचं नेतृत्व सुभाषबाबूंकडे सोपवलं. स्वतःच उभं केलेलं पद वयाने लहान माणसाला देऊन बाजूला होणं सोपं नसतं. क्षयाने शरीर पोखरलं होतं. दीड वर्षाने ते गेले. जपान सरकारने त्यांना मोठा किताब दिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये मासाहिदे ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. दोन वर्षांनी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. १९६७ मध्ये भारत सरकारने रासबिहारींच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

त्यांची कबर टोकियोच्या तामा कब्रस्तानात आहे. १९१५ मध्ये सुटलेला देश त्यांना पुन्हा दिसला नाही. मौलवी बरकतुल्लाहही परतले नाहीत. १९२७ मध्ये अमेरिकेत वारले, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत दफन झाले. आपली मुलं आझाद हिंद सेनेचा धडा वाचतील तेव्हा ही दोन नावं त्यांना एकत्र सांगा. आणि त्या बेकरीवाल्या घरालाही विसरू नका. कुठलाही कागद नसलेल्या माणसाला आधी त्यांनी दार उघडलं, सरकारचा कागद साडेसात वर्षांनी आला.