क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढंच! हॅरी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरची गोष्ट

जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर चालवणाऱ्याला एक गोष्ट आधी शिकावी लागायची. मागं गवत कापायचं जड यंत्र गरगर फिरत असेल, तर क्लच दाबूनही ट्रॅक्टर लगेच थांबत नाही. मग समोर बांध असो नाहीतर विहीर.

गंमत म्हणजे हा ट्रॅक्टर बनवणाऱ्या हॅरी फर्ग्युसननंच शेकडो ड्रायव्हरांचा जीव वाचवलाय.

हॅरी १८८४ साली आजच्या उत्तर आयर्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मला. शेतीत मन रमेना म्हणून भावाच्या गॅरेजात गेला. १९०९ च्या शेवटच्या दिवशी स्वतः बनवलेलं विमान उडवून तो आयर्लंडचा पहिला वैमानिक ठरला.

पहिल्या महायुद्धात धान्य वाढवायचं होतं, म्हणून सरकारनं ट्रॅक्टरच्या कामावर लक्ष ठेवायला त्याला नेमलं. तेव्हा नांगर मागं नुसता ओढत न्यायचे. तो दगडात अडकला की मागची चाकं जागीच थांबायची, इंजिनचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायचा आणि अख्खं धूड ड्रायव्हरच्या अंगावर.

हॅरीनं नांगर तीन दांड्यांनी जोडला, खाली दोन आणि वर एक. नांगर अडकला की वरची दांडी पुढं रेटते, त्यामुळं तोंड जमिनीवरच राहतं. सोबत नांगर उचलायला हायड्रॉलिक. आज आपल्या रोटाव्हेटरला असते ती जोडणी हीच.

१९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्यानं नुसता हात मिळवून सौदा केला. कागद नाही, सही नाही. पुढं फोर्डच्या नातवानं सौदा मोडला, हायड्रॉलिक मात्र वापरत राहिला. हॅरी कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीला ९२.५ लाख डॉलर मोजावे लागले. तोवर त्याचा स्वतःचा टीई-२० इंग्लंडमध्ये धडाक्यात विकला जात होता. १९४६ ते १९५६ मध्ये ५ लाखांहून जास्त!

आता क्लचचा घोळ. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तिथून एक वाट चाकांकडं, दुसरी पीटीओकडं, म्हणजे मागचं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टकडं. क्लच दाबला की दोन्ही इंजिनपासून सुटतात, पण एकमेकांपासून नाही. मग फिरतं यंत्रच उलट चाकं ढकलतं. उपाय म्हणून पीटीओला एकाच बाजूनं जोर देणारं कपलिंग लावायचे.

दुसरा त्रास असा की ट्रॅक्टर थांबवला की पीटीओ पण बंद, आणि हायड्रॉलिकचा पंप पीटीओवरच, म्हणून लिफ्टही बंद. जॉन डिअरच्या जुन्या ट्रॅक्टरला तर पायात क्लचच नसायचा, हातानं दांडा ओढायचा. तो ओढला तसाच राहायचा, ड्रायव्हर खाली उतरू शकायचा.

१९५३ मध्ये हॅरीनं कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली आणि वर्षभरात बाहेर पडला. १९५६ च्या फर्ग्युसन ३५ मध्ये ड्युअल क्लच मिळू लागला. अर्धा दाबला की चाकं थांबणार, पीटीओ चालू.

१९६० मध्ये हॅरी गेला. त्याच वर्षी मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या साथीनं टॅफे सुरू झाली, आणि मॅसी आपल्या शिवारात आला.