खाशाबा जाधव : पदकानंतरही ऋण न विसरणारा पैलवान

१५ जानेवारी हा आपला राज्य क्रीडा दिन. हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस आहे. १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. वडील पैलवान, त्यामुळे कुस्तीची गोडी घरातूनच लागली. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. सराव मातीतला आणि तिथे खेळायचे मॅटवर! तरी खचले नाहीत, पुन्हा चार वर्षे घाम गाळला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

गावी बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण मुलांना सांगण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून सरांचं गहाण घर सोडवलं. पुढे ते पोलीस खात्यात गेले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आमच्या वरोरा तालुक्यातही हायस्कूलची मुलं कबड्डी, खो-खो जीव लावून खेळतात. कर्णधार निवडताना चढाई कोण चांगली करतो एवढंच बघू नका. जिंकल्यावर राखीव खेळाडूला, मैदान आखणाऱ्याला कोण विसरत नाही, तेही बघा. खरा कर्णधार तिथे सापडतो.