नौशेराचा सिंह : ब्रिगेडियर महंमद उस्मान

गेल्या जून महिन्यात अकरावीतील एक विद्यार्थी वडिलांसह मला भेटावयास आला. त्याला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावयाचे होते. वडिलांचे लक्ष्मीपुरीत छोटेसे दुकान आहे. त्यांचे म्हणणे असे की, हे मार्ग थोरामोठ्यांच्या मुलांचे. तेथे आपल्याला कोण विचारतो? शिवाय मुलगा चारचौघांत बोलताना बावरतो. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्या दिवशी त्या दोघांना मी एक चरित्र सांगितले. तेच येथे थोडक्यात देत आहे.

महंमद उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ रोजी, त्या वेळच्या आझमगड जिल्ह्यातील बीबीपूर या गावी झाला. वडील काझी महंमद फारूक हे बनारसचे कोतवाल होते. उस्मानचे शिक्षण बनारसच्या हरिश्चंद्र शाळेत झाले. बारा वर्षांचा असताना, विहिरीत पडलेल्या एका मुलाला वाचविण्यासाठी त्याने मागचापुढचा विचार न करता उडी टाकली होती. अंगी धाडस असे. परंतु बोलताना त्याची जीभ अडखळे.

वडिलांना स्वाभाविकच काळजी वाटे. अशा मुलाचा मुलकी सेवेत निभाव लागणे कठीण, म्हणून त्याला पोलीस खात्यात घालावे असे त्यांनी ठरविले. ते त्याला आपल्या इंग्रज वरिष्ठाकडे घेऊन गेले. असे सांगतात की, तो साहेबही बोलताना अडखळत असे. उस्मानची उत्तरे ऐकून, हा पोरगा आपली नक्कल करतो आहे, असे वाटून तो संतापला आणि ते दार तेथेच बंद झाले!

पण उस्मानचे मन पूर्वीपासून लष्कराकडे ओढ घेत होते. त्या काळी अधिकारी होण्यासाठी इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात जावे लागे. हिंदी तरुणांसाठी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि खर्च पालकांना जड जाणारा. तरीही चुरशीच्या स्पर्धेतून त्याची निवड झाली. हिंदी तरुणांना सँडहर्स्टचा मार्ग खुला असलेल्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी एक त्याची होती. १९३२ साली डेहराडूनला आपली स्वतंत्र लष्करी प्रबोधिनी सुरू झाली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे शंकरराव थोरात हे तर त्याच्याही आधी, १९२६ साली, सँडहर्स्टहून अधिकारी होऊन परतले व पुढे लेफ्टनंट जनरलच्या पदास पोहोचले, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

१ फेब्रुवारी १९३४ रोजी उस्मान अधिकारी झाले. पुढे बलुच रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक झाली. १९४७ साली देशाची फाळणी झाली व सैन्यही विभागले गेले. पाकिस्तानात मोठ्या बढतीची आशा दाखविली गेली, पण उस्मान भारतातच राहिले. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्यास गेल्यामुळे त्यांची डोग्रा रेजिमेंटमध्ये बदली झाली.

डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीर आघाडीवरील झांगर हे ठाणे शत्रूच्या हाती पडले. ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा उस्मान यांनी केली व ऐन थंडीत ते जमिनीवर झोपू लागले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेरावर झालेला प्रचंड हल्ला त्यांच्या ब्रिगेडने परतविला. १८ मार्च रोजी झांगर पुन्हा हाती आले, तेव्हाच त्यांच्यासाठी खाट आणली गेली.

नौशेरात लढाईने अनाथ केलेली अनेक मुले होती. उस्मान यांनी त्यांची बालकसेना उभारली व त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ते अविवाहित होते. पगाराचा मोठा भाग गरीब मुलांसाठी खर्च करीत.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे तोफगोळ्याने त्यांना वीरमरण आले. छत्तिसावे वर्ष पूर्ण होण्यास बारा दिवस उरले होते. दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांचा दफनविधी झाला. पंतप्रधान नेहरू जातीने उपस्थित होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

चरित्र संपल्यावर आम्ही व्यवहाराचे बोललो. आज हा मार्ग सोपा नाही, पण खुला आहे. संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणितास ३०० व सामान्य क्षमतेस ६०० गुण. त्यानंतर निवड मंडळापुढे सुमारे पाच दिवसांची कसोटी, तिलाही ९०० गुण. वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. प्रशिक्षणाचा जवळजवळ सर्व खर्च सरकार करते. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. वैद्यकीय तपासणी कडक असते, म्हणून डोळे, कान, दात आधीच दाखवून घेतलेले बरे. आणि बावरणाऱ्या मुलाला बोलते करावयाचे, तर प्रथम घरात त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले पाहिजे.

तो विद्यार्थी आता रोज पहाटे रंकाळ्याभोवती धावतो. त्याला उठविण्याचे काम वडिलांनी आपण होऊन पत्करले आहे. त्याची निवड होईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु परवा वर्गात उभे राहून त्याने उस्मान यांचे चरित्र सांगितले. दोन वेळा अडखळला, पण खाली बसला नाही. सुजाण पालकांनी एवढेच करावे : मुलाचे उणे पाहून त्याचे दार आपणच आधी लावून घेऊ नये.