नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

नगरच्या एमआयडीसीतली चहाची टपरी म्हणजे बातम्यांचं हेड ऑफिस. शिफ्ट सुटली की तिथं ठरलेला विषय निघतो : अमकी कंपनी तमकी घेणार म्हणे! कुणी गेटवर पाहुण्यांच्या गाड्या पाहिलेल्या असतात, कुणाला अकाउंट्समधल्या मित्रानं कानात सांगितलेलं असतं, कुणी नुसतंच मान हलवतो आणि म्हणून त्यालाच सगळं माहीत असणार असं बाकीच्यांना वाटतं. तुमच्या घरात कुणी कारखान्यात असेल तर हा विषय रात्री ताटावरही आलेला असेल. त्यातून घेणारा त्याच धंद्यातला, म्हणजे कालपर्यंतचा स्पर्धक असेल तर मग विचारूच नका. एकाच कामाला दोन-दोन माणसं तो कशाला ठेवेल? यंत्रं उचलून नेईल, गेटला कुलूप लावेल, नाव पुसून टाकेल...

अशा वेळी आपल्याला वाटतं, टेन्शन फक्त कामगाराला. मालक एसीत निवांत. पण आपल्या नगरच्या एका घरातला एक मालक असा होता, ज्याचं निम्मं आयुष्य ‘कंपनी नक्की कुणाची?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरलं. त्याच्या डोक्यातलं वाहन दुसऱ्याकडे गेलं. त्याला तंत्र देणारी परदेशी कंपनी तिच्याच स्पर्धकानं गिळली. आणि स्वतःचा कारखाना त्यानं शेवटपर्यंत दुसऱ्याचं आडनाव लावून चालवला. नवलमल कुंदनमल फिरोदिया. जन्म १९१०, मृत्यू १९९७.

फिरोदिया म्हटल्यावर तुमच्यातल्या नाटकवाल्यांना आधी करंडक आठवणार, नगरकरांना भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल. हे भाऊसाहेब म्हणजे नवलमल यांचे वडील, कुंदनमल. पेशानं वकील, वृत्तीनं काँग्रेसचे, आणि १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. म्हणजे स्वातंत्र्य आलं तेव्हा मुंबई प्रांताच्या सभागृहात त्या खुर्चीवर नगरचा माणूस बसलेला होता. हे आपल्याला शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे.

असं घर असल्यावर मुलगा गांधींच्या चळवळीत गेला नसता तरच नवल. आणि तो काळ नगरसाठी साधा नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशी काँग्रेसची सगळी वरची फळी इंग्रजांनी पकडली आणि आणून ठेवली ती आपल्या भुईकोट किल्ल्यात. अख्ख्या देशाचं राजकारण आपल्या गावात कुलूपबंद होतं. त्या हवेत तरुण झालेल्या नवलमल यांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. देश स्वतंत्र व्हायला हवा, आणि स्वतंत्र झाल्यावर त्यानं स्वतःचं सामान स्वतः बनवायला हवं. १९४७ मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव काय ठेवलं बघा : जय हिंद इंडस्ट्रीज. आज एखादा स्टार्टअप असं नाव ठेवेल?

याच चळवळीतून बजाज आणि फिरोदिया ही घरं जवळ आली. जमनालाल बजाज तर गांधीजींचे मानलेले पाचवे पुत्र. त्यांचे चिरंजीव कमलनयन यांच्या बाजूला बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १९४५ ची कंपनी होती, आणि १९४८ पासून ती परदेशातून स्कूटर आणि तीनचाकी आणून विकू लागली. हीच पुढची बजाज ऑटो. भांडवल आणि नाव मुख्यतः बजाजांचं, कारखाना उभा करून चालवणारा माणूस फिरोदियांचा, अशी ती जोडी. खादी घालणाऱ्या दोन घरांची भागीदारी. कागदापेक्षा विश्वास मोठा मानायचा तो जमाना. (इथंच पुढच्या गोष्टीचं बी आहे. लक्षात ठेवा.)

आता रिक्षाची गोष्ट. इटलीच्या पियाजिओ कंपनीनं १९४८ मध्ये ‘आपे’ नावाची तीनचाकी मालगाडी काढली. पुढून व्हेस्पा स्कूटर, मागे सामान ठेवायला हौदा. महायुद्धानं कंगाल झालेल्या इटलीत भाजीवाल्याला, दूधवाल्याला परवडेल अशी. सांगतात असं, की नवलमल यांनी तिचं चित्र एका मासिकात पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की या हौद्याच्या जागी माणसं का बसू नयेत? तेव्हाचं पुणं टांग्यांचं आणि सायकलींचं. देशातल्या कितीतरी शहरांत माणूसच माणसाला ओढत होता, आणि मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना तो प्रकार बंद व्हायला हवा होता. माल वाहणाऱ्या गाडीवर सीट आणि टप चढवून केलेलं हे नवं वाहन त्यांना दाखवलं गेलं, मोजक्या परवान्यांना मंजुरी मिळाली आणि पुण्याच्या रस्त्यावर ऑटोरिक्षा आली.

पुढच्या वेळी रिक्षात बसाल तेव्हा ड्रायव्हरच्या हाताकडे बघा. तीन चाकांची गाडी, पण स्टिअरिंग नाही, स्कूटरचं हँडल आहे. इंजिन बदललं, पेट्रोलचं सीएनजी झालं, पण ते हँडल गेलं नाही. त्या इटालियन स्कूटरची खूण आहे ती.

बजाज ऑटोला १९५९ मध्ये सरकारकडून दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला. लायसन्स राजचे दिवस ते. परवाना म्हणजे सोन्याची खाण. पण त्याआधीच, १९५८ मध्ये, दोन्ही घरांनी मिळून आणखी एक कंपनी काढली होती : बजाज टेम्पो. तंत्र जर्मनीचं, हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन कंपनीचं. तिच्या गाड्यांचं ब्रँडनेम होतं ‘टेम्पो’.

हो, तोच टेम्पो. वऱ्हाडाचा, गणपती मिरवणुकीचा, घोडेगावच्या मार्केटला कांदा घेऊन जाणारा. आपण हा शब्द इतका आपला करून टाकलाय की तो हॅम्बुर्गमधल्या एका कंपनीचा ट्रेडमार्क होता हे सांगितलं तर आजोबा हसतील. पहिलं मॉडेल हॅन्सिएट : तीन चाकं, लांब नाक, नाकात इंजिन. नंतर चारचाकी व्हायकिंग आली आणि १९६९ मध्ये मॅटाडोर. रुग्णवाहिका म्हणा, शाळेची गाडी म्हणा, कितीतरी वर्षं बंद बॉडीची कुठलीही गाडी म्हणजे मॅटाडोर.

आता मुद्द्याची गोष्ट. तिकडे हॅम्बुर्गमध्ये याच टेम्पो कंपनीचं काय चाललं होतं? १९५५ मध्येच तिचा निम्मा हिस्सा हानोमागवाल्यांनी घेतला होता. हानोमाग म्हणजे ट्रक बनवणारी दुसरी जर्मन कंपनी, ऱ्हाइनश्टाल या पोलाद उद्योगसमूहातली. दहाएक वर्षांत उरलेला निम्माही गेला. मग खुद्द हानोमागचा गाड्यांचा धंदा, १९७० च्या आगेमागे, डायमलर-बेंझच्या पोटात गेला. मोठा मासा, त्याहून मोठा मासा. टेम्पो हे नाव जर्मनीच्या रस्त्यांवरून पुसलं गेलं. कामगारांच्या टपरीवर जी भीती असते ना, अगदी ती तिथं खरी झाली.

आणि इकडे? इकडे नवलमल फिरोदिया त्याच नावानं गाड्या बनवत राहिले. मूळ झाड तोडलं गेलं आणि लावलेली फांदी जगली. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वांत भारी वाटतं. ज्याच्याकडून तंत्र घेतलं तो विकला गेला म्हणून आपणही बुडायचं असा काही नियम नाही, पण त्यासाठी तोवर काम हाताला बसलेलं असावं लागतं. सुटे भाग इथं बनत असावे लागतात. जय हिंद नावामागचा हट्ट इथं कामी आला, असं माझं तरी मत आहे.

पण घराजवळची आग वेगळीच होती. कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज हार्वर्डला शिकून आले आणि बजाज ऑटोत रुजू झाले. तिथं कारभार पाहत होते नवलमल. १९६८ मध्ये दोन्ही घरं वेगळी झाली. बजाज ऑटो बजाजांकडे, बजाज टेम्पो फिरोदियांकडे. ऐकायला सोपी वाटणी. पण विचार करा, ज्या रिक्षाची कल्पना नवलमल यांच्या नावावर सांगितली जाते, ती रिक्षा गेली समोरच्याकडे. पुढे तीच बजाज ऑटो तीनचाकींमध्ये जगात आघाडीवर पोचली. यांच्याकडे उरला टेम्पो. आणि ‘समोरच्याकडे’ हे शब्दशः घ्या, कारण आकुर्डीला दोन्ही कारखाने शेजारी शेजारी. सकाळी कामावर जाताना रोज आपलंच जुनं गेट दिसणार.

भागीदारी तुटली तरी शेअर तुटत नाहीत. बजाजांचा हिस्सा टेम्पोत, फिरोदियांचा हिस्सा ऑटोत, तसाच राहिला. कॉमर्सवाल्यांना सांगायला नको की अशा वेळी बाजारात काय होतं. कोण कुणाचे शेअर गोळा करतंय, कोण कुणाला गिळणार, ही कुजबुज थांबतच नाही. फिरोदियांच्या बाजूनं बजाज ऑटोचे आणखी शेअर घेतले गेले, तेव्हा बजाज ऑटोच्या संचालकांनी ते त्यांच्या नावावर चढवायला नकार दिला. कंपनीच्या नियमावलीत संचालकांना तसा अधिकार होता, तोही पूर्ण आणि अनिर्बंध. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ च्या एआयआरमध्ये छापलेला तो निकाल, बजाज ऑटो विरुद्ध एन. के. फिरोदिया, आजही कंपनी कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. त्यातलं तत्त्व साध्या भाषेत असं : अधिकार कितीही मोकळा दिला असला तरी तो मनाला येईल तसा वापरता येत नाही. संचालकांनी तो प्रामाणिकपणे आणि कंपनीच्या भल्यासाठी वापरला का, हे कोर्ट तपासू शकतं. आपला खासगी राग आणि कंपनीचं हित, दोन्ही एकच समजायचं नाही.

तुम्ही म्हणाल, हे बड्या घरांचं भांडण, आपल्याला काय त्याचं? थोडं थांबा. उद्या तुमच्याकडे कुठल्याशा कंपनीचे दहा शेअर असतील. ते तुमच्या नावावर करायला कुणी उगाच आडमुठेपणा केला, तर वकील याच केसचं पान उघडेल.

नवलमल यांचे भाऊ हस्तिमल यांची गोष्ट नगरला जास्त जवळची. त्यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि १९७२ मध्ये लुना आली. नगर-दौंड रस्त्यावरचा कारखाना आणि ती पेडलवाली, पन्नास सीसीची गाडी. तुमच्या आईनं किंवा मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा जे स्वतःचं वाहन चालवलं, ते बहुधा हेच. पुढे होंडाबरोबर भागीदारी झाली, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली आणि लगोलग स्वतःची कंपनी काढून स्पर्धेत उतरली. २००८ मध्ये कायनेटिकचा स्कूटरचा धंदा महिंद्रांनी घेतला, ११० कोटींना. म्हणजे त्या वेळी टपरीवरची कुजबुज खरी ठरली. मात्र नगरची कायनेटिक इंजिनिअरिंग त्या विक्रीत गेली नाही, ती गाड्यांचे सुटे भाग बनवत राहिली. आणि २०२४ मध्ये लुना परत आली, विजेवर चालणारी. ‘कंपनी विकली’ या दोन शब्दांत काय विकलं गेलं आणि काय राहिलं, हे कधीच कळत नाही. टपरीवर हा प्रश्न विचारून बघा, निम्मे लोक गप्प होतील.

नवलमल यांच्याकडे परत येऊ. हॅम्बुर्गचा टेम्पो गिळल्यावर डायमलर-बेंझकडे बजाज टेम्पोतला जर्मन हिस्साही आपोआप आला. म्हणजे जगातली बडी वाहन कंपनी आता यांची भागीदार. अशा वेळी कुणीही घाबरेल की आता आपला नंबर. झालं उलट. १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या डिझेल इंजिनाचं तंत्र आकुर्डीत आलं, मॅटाडोरमध्ये बसलं, मग ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर आल्या. ग्रामीण भागातली वडाप ज्या गाड्यांवर उभी राहिली त्यातली एक ट्रॅक्स. तालुक्याच्या कॉलेजला तिच्या मागच्या फळीवर लटकून गेलेले तुमचे सर असतील, विचारा त्यांना.

२००१ मध्ये डायमलरनं आपला हिस्सा फिरोदियांनाच विकला. तोवर नवलमल यांना जाऊन चार वर्षं झाली होती. दाराबाहेरच्या पाटीवर तेव्हाही ‘बजाज’ होतंच. वेगळं झाल्यापासून तब्बल ३७ वर्षं कारखान्यानं ते आडनाव वागवलं आणि २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. त्यांनी स्वतः ते का बदललं नाही? बाजारात त्या नावाला वजन होतं, हे सरळ कारण. पण चळवळीच्या दिवसांतल्या मैत्रीचं काही त्यात शिल्लक असेल का, असा विचार माझ्या मनात येतोच.

पुण्यात फर्ग्युसनच्या आवारात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं लॉ कॉलेज आहे. त्याला नवलमल फिरोदियांचं नाव दिलेलं आहे. तिथली पोरं रोज त्या पाटीखालून आत जातात, कंपनी कायद्याच्या तासाला पुस्तक उघडतात, आणि शेअर हस्तांतराच्या धड्यात तेच नाव पुन्हा भेटतं, प्रतिवादी म्हणून.