वाद्यमेळाचे कर्णधार : मेहली मेहता

वाद्यवृंद म्हटला की लोहाऱ्याच्या आपल्या पुष्कळ भगिनींना लग्नाच्या वरातीतला बँड आठवेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची तऱ्हा निराळी. त्यात साठ-सत्तर, कधी शंभरही वादक बसतात, आणि त्यांच्यापुढे एकजण हाती लहानशी छडी घेऊन उभा असतो. तो स्वतः एकही सूर वाजवीत नाही. पण कोणी केव्हा उचलावे, कोणी मंद व्हावे, हे त्याच्या हातावर ठरते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या अशाच एका संचालकाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे मी योजिले आहे.

मेहली मेहता यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. व्हायोलिन हा त्यांचा ध्यास. १९३५ साली त्यांनी ‘बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. प्रथम ते त्यात प्रमुख व्हायोलिनवादक होते, पुढे संचालक झाले. इतके नाव झाले तरी शिकण्याची भूक शमली नाही. १९४५ साली ते न्यूयॉर्कला इव्हान गालामियन या गुरूंकडे गेले. तेव्हा थोरला झुबिन नऊ वर्षांचा होता आणि झरिन त्याहून लहान. पतीच्या विद्येसाठी तेहमिनाबाईंनी संसार एकटीने सांभाळला. मेहलींच्या कीर्तीत हा वाटा मला मोठा वाटतो.

१९५५ साली मेहली मँचेस्टरच्या प्रसिद्ध ‘हॅले’ वाद्यवृंदात गेले. १९५९ नंतर त्यांनी फिलाडेल्फियात वादन केले. १९६४ साली ते लॉस एंजेलिसला आले. तेथील मोठ्या वाद्यवृंदाचे संचालकपद त्यावेळी झुबिनकडे होते. मुलाच्या कीर्तीच्या सावलीत विसावण्याचे ते वय. पण छप्पन्नाव्या वर्षी मेहलींनी ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ हा तरुणांचा वाद्यवृंद उभारला आणि तेहतीस वर्षे त्याला वळण लावले. तेथे शिकलेले अनेकजण पुढे नामांकित वाद्यवृंदांत गेले. १९९८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी छडी खाली ठेवली. १९ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

मंडळ चालविताना आपणही निरनिराळ्या स्वभावांचा मेळ घालतो. प्रत्येकीचा सूर वेगळा असावा, पण ताल एक असावा. आणि वय झाले म्हणून नव्या मुलींना हाताशी धरून शिकविणे थांबवू नये, एवढे या चरित्रातून आपण घेतले तरी पुष्कळ झाले.